पुरुमेंताच्या यादीत नसलेलं सामान: पावसाआधी बायकांच्या आरोग्याचा साठा कसा करावा

मे महिना लागला की गोव्यात घरोघरी पुरुमेंताची घाई सुरू होते. सुकी मासळी, सोलां, मीठ, चिंच, मिरच्या, फणसाचे पापड. जूनपासून चवथीपर्यंत बाजार गाठता आला नाही तरी चूल अडू नये एवढं सामान घरात येतं. त्याच घरात एखादी सून आठव्या महिन्यात असते, एखादीच्या माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात चारच गोळ्या उरलेल्या असतात, एखादीचं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घ्यायचं असतं. हे कोणाच्या यादीत नसतं. ते 'दवाखान्याचं काम', आणि दवाखाना नदीच्या पलीकडे.

हा लेख पंचांसाठी, स्वयंसाहाय्य गटांसाठी, उपकेंद्राच्या एएनएमसाठी (म्हणजे सिस्टरसाठी), आरोग्य केंद्राचं औषध भांडार सांभाळणाऱ्या फार्मासिस्टसाठी आणि घरचं बघणाऱ्या बाईसाठी आहे. सगळ्यांनी सगळं करायचं नाही. कोणी काय करायचं ते पुढे येईलच. मुख्य म्हणणं मात्र आधीच सांगून टाकावं: 'आपत्तीसाठी' म्हणून वेगळी सीलबंद पेटी करू नका. रोज जो साठा फिरतो त्याचीच पातळी मेमध्ये वाढवा, आणि वाढवलेला भाग पाणी चढल्यावर बायका ज्या बाजूला अडकणार त्या बाजूला नेऊन ठेवा. सीलबंद पेटी फोटोत छान दिसते. एका केंद्रात अशी पेटी मी पाहिली आहे. वर लाल अक्षरांत 'आपत्कालीन', आत मुदत संपून वर्ष झालेल्या गोळ्या, आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे.

आधी नकाशा, मग यादी

साठा कशासाठी हवा हे वाट कशी तुटते यावर ठरतं. गोव्यात ती तीन प्रकारे तुटते.

पहिली पाण्याने. २३ जुलै २०२१ ला म्हादई, खांडेपार, वाळवंटी या नद्यांनी सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांत काय केलं ते त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. शापोरा नदीच्या काठाला पावसाबरोबर तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याचीही धास्ती असते. काणकोणात तर २ ऑक्टोबर २००९ ला, पाऊस संपत आला असं सगळे धरून चालले असताना, लोंढा आला. म्हणजे चवथ झाली की सुटलो असं नाही.

दुसरी वाट तुटते रस्त्याने आणि फेरीने. चोर्ला घाटात दरड आली, एखाद्या वाड्याचा साकव पाण्याखाली गेला, वाऱ्यामुळे फेरीबोट थांबली. दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर, नार्वे कुठूनही जा, फेरीच. तिथल्या बाईला रात्री कळा आल्या तर १०८ची गाडी आणि फेरीबोट या दोघांचं जमावं लागतं.

तिसरी वाट विजेची. तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्याला किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि खांब आडवे झाले आणि कित्येक भागांत काही दिवस वीज नव्हती. रस्ता मोकळा झाला तरी फ्रीजमधलं औषध गेलेलं असू शकतं, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

तेव्हा एका संध्याकाळी पंचायतीत कागदावर साधा नकाशा काढा. उपकेंद्र, आरोग्य केंद्र, बाळंतपण होतं ती सगळ्यात जवळची जागा, सखल साकव, दरवर्षी पाणी येतं तो वळणाचा रस्ता. जुन्या माणसांना आणि सकाळची बस चालवणाऱ्याला बसवून विचारा. पाणी कुठपर्यंत येतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. मग एकच प्रश्न: पाणी भरलं की औषधं कोणत्या बाजूला आणि माणसं कोणत्या बाजूला? ज्या वाड्यांचं उत्तर 'वेगवेगळ्या' असं येईल, तिथंच साठा वाढवायचा. तालुकाभर सरसकट वाढवायची गरज नाही.

किती लागेल, याचा हिशोब

जगात या कामाची एक ठरलेली चौकट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांचा एक गट १९९५ मध्ये तयार झाला आणि संकटाच्या पहिल्या दिवसापासून द्यायच्या किमान प्रजनन आरोग्य सेवांचा संच त्यांनी ठरवला. लैंगिक हिंसा रोखणं आणि पीडितेवर उपचार, एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजार पसरू न देणं, आई-बाळाचे मृत्यू टाळणं, नको असलेली गर्भधारणा टाळणं हा त्याचा गाभा. त्यासाठीचे तयार संच यूएनएफपीए, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी, पुरवते. गाव-पातळीचा संच १०,००० लोकांना तीन महिने, त्यावरचा ३०,००० ना, आणि मोठ्या रुग्णालयाचा १,५०,००० लोकांना तीन महिने पुरेल असा बांधलेला असतो.

हे संच आपल्याला मागवायचे नाहीत. त्यांच्यामागचं गणित मात्र उसनं घेण्यासारखं आहे, तेही तपासून. ते गणित धरतं की लोकसंख्येच्या पाव भाग बाळंतपणाच्या वयातल्या बायका, आणि वर्षाला लोकसंख्येच्या ४ टक्के जन्म. पहिला आकडा आपल्याकडे ढोबळमानाने चालतो. दुसरा अजिबात चालत नाही. गोव्याचा जन्मदर हजारी १२ च्या आसपास, देशातल्या सगळ्यात कमी दरांपैकी. त्यामुळे १०,००० वस्तीत त्यांच्या हिशोबाने तीन महिन्यांत १०० जन्म धरले जातात, तर आपल्याकडे साधारण ३०. आकडा न तपासता सामान आणलं तर तिप्पट येईल आणि निम्म्याहून जास्त कपाटात सडेल.

एक आकडा मात्र कमी करू नका. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गंभीर गुंतागुंत होणाऱ्या बायका १५ टक्के धरतात. तीसमागे चार-पाच. माला-एन पंधरा दिवस मिळाली नाही तर निरोध वापरून वेळ काढता येतो. रक्तस्राव आणि बीपी वाढून येणारे झटके थांबत नाहीत.

जन्मदर कमी म्हणून निर्धास्त राहू नये याचं आणखी एक कारण आहे. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आजूबाजूला आणि बांधकामांवर बाहेरून आलेल्या मजुरांची कुटुंबं राहतात. त्यांतल्या अनेक बायकांचं नाव अंगणवाडीच्या वहीत नसतं. त्या कुठल्याच सरासरीत येत नाहीत आणि पाणी शिरतं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या खोल्यांत शिरतं. मेमध्ये एक फेरी मारून त्यांची वेगळी मोजणी करा. मुकादमाला विचारून भागत नाही, बायकांशी बोलावं लागतं. कानडी किंवा हिंदी येणारी एखादी बरोबर असली तर उत्तम.

गर्भनिरोधकांसाठी लोकसंख्येचं गणित नकोच, आपल्याच वहीतला खप धरा. समजा उपकेंद्रातून माला-एनची महिन्याला सरासरी ६० पाकिटं जातात. एरवी दीड महिन्याचा साठा, म्हणजे ९०, पुरतो. १० मेच्या आत तो तीन महिन्यांवर, १८० वर न्या. निरोध, छाया (दुसऱ्या गर्भनिरोधक गोळ्या) आणि अंतराचं तेच. सरासरी काढताना एक चूक सर्रास होते. ज्या महिन्यात माल संपला होता त्या महिन्याचा कमी खप तसाच धरला जातो. कपाट दहा दिवस रिकामं होतं आणि उरलेल्या वीस दिवसांत ४० पाकिटं गेली, तर त्या महिन्याची खरी मागणी ४० नव्हे, ६० आहे. हे न सुधारता मागणीपत्र भरलं की पुढच्या वर्षीही माल कमीच येतो, आणि वरून 'तुमचा खपच कमी' हे ऐकावं लागतं.

कोणी काय ठेवायचं

घरात: गोळ्या घेणाऱ्या बाईकडे चालू पाकिटाशिवाय न फोडलेली दोन पाकिटं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची असते. दिवस चुकू नये म्हणून वार कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. अंतरा दर तीन महिन्यांनी घेतात, पण ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येतं. तारीख जुलैच्या मध्यात असेल तर जूनच्या अखेरीस किंवा जुलै उजाडताच जाऊन या, जोराच्या पावसाची वाट बघू नका. तारीख हुकलीच तर चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेता येतं, हेही माहीत असू द्या. पाण्यातून धावत जाण्याची गरज नाही. घरातल्या प्रत्येकीचे दोन महिन्यांचे पॅड. गरोदर बाई असेल तर तिचं माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दोन मोबाइलवर.

घरात काय ठेवू नये? मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आकुंचन पाववणाऱ्या गोळ्या), गर्भपाताच्या गोळ्या, प्रतिजैविकं, ऑक्सिटोसिन (त्याच कामाचं इंजेक्शन). ही डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आहेत, आणि कळा वाढवायला म्हणून घरी इंजेक्शन देण्याने गर्भाशय फाटू शकतं. गटाने किंवा पंचायतीनेही ती विकत घेऊन साठवायची नाहीत, हेतू कितीही चांगला असला तरी.

गट किंवा पंचायत: पॅड, अंतर्वस्त्रं, साबण, टॉर्च, शिट्टी, बादल्या, ताडपत्री, बाळासाठी सुती कापड आणि टोपड्या. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मुक्त निधी मिळतो. त्याचा ठराव एप्रिलमध्येच घ्या.

उपकेंद्र: वाढवलेली गर्भनिरोधकं, तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या, लोह आणि फॉलिक आम्ल, बीपी मोजायचं यंत्र आणि त्याचे जादा सेल, आणि बाळंतपणाचे स्वच्छ संच. संचात एक मीटर प्लॅस्टिकचा कागद, साबण, हातमोजे, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोन दोरे आणि बाळ पुसायला व गुंडाळायला कापड असतं. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात, त्यामुळे १०,००० वस्तीला पाच संच पुरे. ते लागू नयेत हीच व्यवस्था करायची आहे, तरी पाच हवेतच.

आरोग्य केंद्र आणि त्यावरची रुग्णालयं: इथं फार्मासिस्टने संख्या नीट बघायची. मॅग्नेशियम सल्फेटचं उदाहरण घ्या. झटके येणाऱ्या बाईला पुढे पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅमचा पहिला डोस देण्याची आपल्याकडची पद्धत आहे. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम असतं. म्हणजे एका बाईला दहा ॲम्प्युल लागतात. कपाटात चार दिसली की वहीत 'उपलब्ध' असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात त्यात एकही बाई भागत नाही. पावसाळ्यात अशा किमान तीन बायकांचा साठा ठेवा, म्हणजे तीस ॲम्प्युल, शेजारी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. तसंच ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्झॅमिक आम्ल, सलाइन, नवजात बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि तिचे दोन मापांचे मास्क. मास्क फाटला की पिशवी असून नसल्यासारखी.

ओल, उष्णता आणि वीज

आपल्याकडचा जुलै म्हणजे औषधांची परीक्षाच. चिऱ्याची भिंत ओल धरते, भिंतीला टेकलेला खोका खालून मऊ पडतो आणि आठवड्याभरात पाकिटांवर बुरशीचे ठिपके दिसतात. म्हणून खोके जमिनीपासून १० सेंटिमीटर वर, लाकडी फळ्यांवर, आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर. पुराच्या पट्ट्यात १० सेंटिमीटरने काय होणार. तिथं दोन हजार एकवीसच्या पाण्याची खूण भिंतीवर असेलच, तिच्या वरचा कप्पा वापरा. कप्पा उंच असला की माल काढायला स्टूल लागतं, तेही तिथंच ठेवा.

मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दमटपणाने लवकर निकामी होतात. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेलं पाकीटच घ्या आणि गोळ्या सुट्या करून डबीत ठेवू नका. निरोध ऊन, तेल आणि विजेची मोटर यांपासून दूर. जनरेटरच्या खोलीत तर कधीच नको. तरीही जागा मोकळी दिसली की खोके तिथंच जातात.

सगळ्यात नाजूक ऑक्सिटोसिन. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं हे पहिलं औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. पोलिओच्या लसीच्या बाटलीवर उष्णता लागली की रंग बदलणारा ठिपका असतो. ऑक्सिटोसिनच्या ॲम्प्युलवर तसं काही नसतं. तापून अर्धं निकामी झालेलं ऑक्सिटोसिन दिसायला अगदी चांगल्यासारखंच दिसतं, आणि ते कळतं बाईचं रक्त थांबत नाही तेव्हा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि यूएनएफपीए यांनी २०१९ मध्ये एकत्र निवेदन काढून लसींच्या शीतसाखळीत ऑक्सिटोसिनला जागा द्यायला सांगितलं, ते यासाठीच. आपल्या केंद्रात ते कुठं ठेवायचं हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर लसीवाले आणि प्रसूतिकक्षवाले दोघंही ते दुसऱ्याकडे आहे असं समजतात.

वीज गेली की काय करायचं तेही कागदावर असू द्या आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवा. आइस-लाइन्ड फ्रीज (लसींसाठीचा, आत बर्फाचं अस्तर असलेला) झाकण मिटलेलं असेल तर साधारण वीस तास थंडी धरतो; घरगुती फ्रीज तेवढा दम धरत नाही. झाकणावर वीज गेल्याची वेळ लिहा, उघडू नका. त्यानंतर शीतपेटी. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच आत टाकायचे नाहीत, त्याने औषध गोठतं. पॅक बाहेर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने कानाजवळ धरून हलवा. आत पाण्याचा खुळखुळाट ऐकू आला की तो वापरायला तयार. थर्मामीटर पेटीत, औषधाच्या शेजारी. जनरेटर आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी मेमध्ये एकदा तो अर्धा तास चालवून बघावा आणि डिझेल कोण आणणार हे नावानिशी लिहावं.

उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन नावाचं इंजेक्शन आहे. ३० अंशांपर्यंत फ्रीजशिवाय राहतं आणि रक्तस्राव रोखायला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून त्याची शिफारस केली आहे. पावसाळ्यात तुटणाऱ्या केंद्रांसाठी ते मागण्यासारखं आहे. मिळालं तरी ते कळा आणायला किंवा वाढवायला वापरायचं नसतं, हे प्रसूतिकक्षातल्या प्रत्येकीला माहीत हवं.

पाणी येण्याआधी बाई हलवा

साठ्याचा लेख लिहिताना हे सांगणं विचित्र वाटेल, पण बाळंतपणाच्या बाबतीत सामान हलवण्यापेक्षा बाई हलवणं सोपं आणि खात्रीचं आहे. गोव्यात सिझेरियनचं प्रमाण मोठं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दहा बाळंतपणांमागे जवळपास चार. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या पुष्कळ बायकांच्या पोटावर आधीचा टाका आहे, आणि त्यांचं बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी होऊ देणं धोक्याचं. अशा बाईला कुठलाही संच वाचवत नाही.

एएनएम आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून जून ते ऑक्टोबरमधल्या अपेक्षित तारखांची यादी करायची. प्रत्येकीपुढे रक्तगट, आधीचं सिझेरियन, बीपी, रक्त कमी आहे का, आणि सुरक्षित बाजूला राहणाऱ्या नातेवाइकाचं घर. अडकणाऱ्या वाड्यातल्या, तारखेला तीन आठवड्यांहून कमी राहिलेल्या बाईने पणजीच्या वेधशाळेचा ऑरेंज अलर्ट आला की त्या घरी जायचं, रेडची वाट बघायची नाही. नातेवाईक नसतील तर रुग्णालयात आधी दाखल करून घ्यायची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करायची. सासरकडचे 'अजून वेळ आहे' म्हणतील. तारीख वर्तवलेली असते, ठरलेली नसते, हे त्यांना सिस्टरने सांगितलं की पटतं, पंचाने सांगितलं की वाद होतो.

निवारा केंद्रात

शाळेच्या वर्गांत दीडशे माणसं आली असं धरा. त्यात पाळी येणाऱ्या मुली-बायका पंचेचाळीसच्या आसपास. सगळ्यांना एकाच आठवड्यात पाळी येणार नाही, हिशोबाने पंधरा-वीस पाकिटं पुरतील. तरी पंचेचाळीस पाकिटं ठेवा आणि आत येताच प्रत्येकीच्या हातात एक द्या, न विचारता. मागावं लागलं की बऱ्याच जणी मागतच नाहीत, आणि वाटायला बाप्ये बसले असतील तर नक्कीच नाहीत. वाटप गटातल्या बायकांनी करायचं. पंधरा पाकिटं जादा ठेवा. लघवीवर ताबा नसलेल्या म्हाताऱ्या बायकांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांना ती लागतात. एरवी कापड वापरणाऱ्यांनाही पॅड द्या. आषाढात कापड वाळत नाही आणि चारचौघांत दोरीवर घालता येत नाही. पॅडबरोबर अंतर्वस्त्रं नसतील तर अंगावरच्या भिजल्या कपड्यांनिशी आलेल्या बाईला पॅडचा उपयोग नाही. जुनी वर्तमानपत्रं आणि झाकणाचा डबा बायकांच्या शौचालयातच.

दिवा आणि आतून लागणारी कडी हेही याच साठ्याचा भाग धरा. कडी मोडकी असेल तर मेमध्ये सुताराला दाखवा.

मदत म्हणून दुधाची पावडर आणि बाटल्या येतात, दर वेळी येतात. सरसकट वाटू नका. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब देते आणि पाजणाऱ्या आईचं दूध कमी करते. बाळाच्या दुधाच्या पर्यायांचा मोफत वाटपातून प्रसार करायला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. आई नसलेल्या किंवा खरंच दूध येत नसलेल्या बाळासाठी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पाजणाऱ्या आईला आडोसा, पाणी आणि जेवण द्या. दान आलेल्या औषधांवर किमान वर्षभराची मुदत शिल्लक नसेल तर नम्रपणे परत करा; नकार देताना संकोच वाटतो, पण मुदतबाह्य औषधांची विल्हेवाट पुढे तुमच्याच गळ्यात येते.

लैंगिक अत्याचाराबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. गर्दी, अंधार आणि दारू एकत्र आले की तो होतो. त्यावरची औषधं वेळेशी बांधलेली आहेत: एचआयव्ही टाळणारी औषधं जमल्यास दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस, तातडीची गर्भनिरोधक गोळी शक्य तितक्या लवकर आणि शक्यतो ७२ तासांत, शिवाय लैंगिक आजारांवरची प्रतिजैविकं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीची लस. रस्ता तुटणाऱ्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात हा संच पावसाळाभर असायलाच हवा, नाहीतर ७२ तास पाणी ओसरण्यातच जातात. उपचार मोफत आणि लगेच देणं सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. पोलीस आधी यायला हवेत असं नाही. निवारा केंद्राच्या फळ्यावर १०८, ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे चार क्रमांक लिहा. बायकांच्या शौचालयाच्या दारावर आतून पुन्हा एकदा लिहा, तिथं कोणी बघत नसतं.

गर्भपाताबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताची मुभा ज्या गटांना मिळाली, त्यांत सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत किंवा आणीबाणीत सापडलेल्या बायकाही आहेत. दोन नोंदणीकृत डॉक्टरांचं मत आणि मान्यताप्राप्त जागा लागते. म्हणून जवळची मान्यताप्राप्त जागा कोणती, हे सिस्टरला पाठ हवं.

किल्ली, वही, तारखा

फेब्रुवारीत मोजणी, मार्चमध्ये मागणीपत्र, एप्रिलमध्ये ठराव, आणि १० मेच्या आत माल जागेवर. मेअखेर कशाला नको? तौक्तेची तारीख बघा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा सगळं मोजा, अरबी समुद्रात वादळांचा दुसरा मोसम तेव्हा असतो.

माल आला की खोक्याच्या पुढच्या बाजूला जाड पेनाने मुदतीचा महिना आणि वर्ष लिहा, बोटभर उंच अक्षरांत. जी मुदत आधी संपते तो खोका पुढे. नवीन खोका मागे ढकलायला कंटाळा येतो, म्हणून तो पुढेच राहतो आणि जुना मागे मरतो. शनिवारची दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. वाढीव साठा ज्या वाड्यात ठेवला असेल तिथल्या पाकिटांना दर दोन महिन्यांनी केंद्रातल्या ताज्या पाकिटांशी बदला. गर्भनिरोधकांची पाकिटं वाड्यात कोणाकडे ठेवायची हा नाजूक प्रश्न आहे. अंगणवाडी सगळ्यात बरी, कारण तिथं बाईने जाण्याचं कोणी कारण विचारत नाही. सरपंचाच्या घरी नको.

प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन माणसांकडे, आणि ती दोघं पाणी भरल्यावर साठ्याच्याच बाजूला राहणारी. त्यांची नावं केंद्रात, पंचायतीत आणि मामलेदार कार्यालयाच्या आपत्ती कक्षात लिहून द्या. मेमध्ये एकदा खोटी तालीम करा: सिस्टरला न सांगता दुसऱ्या माणसाला फोन लावा आणि कपाट उघडायला सांगा. पंधरा मिनिटांत उघडलं नाही तर तुमच्याकडे साठा आहे असं समजू नका.

पाऊस ओसरला की वाढीव गर्भनिरोधकं आणि पॅड नेहमीच्या वाटपात सोडा, डिसेंबरपर्यंत ती संपतात. वहीत तीन रकाने भरा: काय संपलं, काय पडून राहिलं, कोणती बाई काय मागायला आली आणि रिकाम्या हाताने गेली. तिसऱ्या रकान्यात नाव लिहू नका, वस्तू आणि तारीख पुरे. पुढच्या वर्षी ६० चा आकडा ७५ करायचा की ५०, हे या रकान्यांवरूनच ठरवायचं. ती पानं मार्चच्या मागणीपत्राला जोडा, म्हणजे वरून आकडा कापताना कोणालातरी कारण लिहावं लागेल.